साहेबांचा पगार आणि पेन्शनपुरा

मोंढ्यात हमालीच्या दरवाढीची बैठक आटोपून आम्ही उठत होतो, तेवढ्यात एका हमालाचा बारावीत शिकणारा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "काका, फौजेत लेफ्टनंट झालं तर महिन्याला किती येतेत?" पगाराचे आकडे तोंडपाठ ठेवणे हाच आमचा जन्माचा उद्योग, तेव्हा उत्तर द्यायला वेळ लागला नाही. सातव्या वेतन आयोगाने लेफ्टनंटचे मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपये ठरवले. त्यावर १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन, महागाई भत्ता वेगळा, राहण्याची सोय, दवाखाना, कँटीन, प्रवासाची सवलत आणि पुढे निवृत्तिवेतन. मुलाचा चेहरा उजळला. त्याचा बाप गोणीला टेकून बिडी विझवीत होता. तो म्हणाला, "ते ठीक हाय भाऊ, पण एवढे पैसे देतंय कोण?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु रात्री तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. मुलाने विचारले ते प्रत्येक जण विचारतो. बापाने विचारले ते इतिहासाच्या पुस्तकांतून क्वचितच विचारलेले असते. लढाया कोणी जिंकल्या हे आपल्याला शाळेत शिकवतात. लढणाऱ्यांचा पगार कोणी चुकवला हे शिकवीत नाहीत. आम्ही पदवीधर नव्हे. इतिहास वाचायला शिकलो तो हजेरीपट आणि पगारपत्रक वाचता वाचता, आणि आमचा अनुभव असा की, कोणत्याही कारखान्याची खरी कुंडली त्याच्या पगारपत्रकात असते. फौजेचेही तेच आहे. म्हणून या व्याख्यानमालेने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला: फौजेतल्या साहेबाचा पगार, त्याचे भत्ते, आणि तो ज्याच्या घरातून गेला तो माणूस.

श्रोतेहो, त्यासाठी दिल्लीला जायला नको. हिंगोलीपर्यंत जाऊ. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. त्या गावात पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार अशा वस्त्या आहेत आणि त्यांच्या जोडीला पेन्शनपुरा नावाचीही एक वस्ती आहे. पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ, तोफखाना सांगायला नको. एकोणिसाव्या शतकातल्या एका छावणीचा नकाशाच या नावांत शिल्लक राहिला आहे. छावणी १९०३ साली उठली, नावे उठली नाहीत. ही छावणी निजामाच्या पैशावर चाले, इंग्रजांच्या हुकुमात चाले आणि तिच्यातल्या साहेबांच्या पगारापायी पुढे अख्खा वऱ्हाड प्रांत हातचा गेला. ही गोष्ट कशी घडली ते पाहण्यापूर्वी आपल्याकडे फौजेच्या पगाराची जुनी रीत काय होती, ते थोडक्यात पाहू.

सभासदाच्या बखरीत शिवाजीमहाराजांच्या घोडदळातल्या हजारीला, म्हणजे हजार स्वारांच्या सरदाराला, सालिना एक हजार होन आणि पालखीचा मान सांगितला आहे. महाराजांचा कटाक्ष असा होता की, पगार रोख द्यावा. मुलूख तोडून देऊ नये. मुलूख दिला की सरदार सरकारचा राहत नाही, रयतेचा तर नाहीच नाही. त्याच बखरीत अफझलखानाच्या प्रसंगानंतरचा मजकूर आहे. जे मेले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, मुलगा नसेल तर बायकोला निमे वेतन बांधून दिले, आणि जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. नुकसानभरपाईचा कायदा आम्हाला विसाव्या शतकात भांडून मिळवावा लागला. १६५९ साली जखमेचा दर ठरवणारा राजा इथे होऊन गेला, हे कामगारांच्या सभेत आम्ही नेहमी सांगतो.

पुढच्या शतकात ही शिस्त ढिली झाली. रोख पगाराच्या जागी सरंजाम आले, पगार महिनोन् महिने थकू लागले आणि थकलेले शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसू लागले. धरणे हा शब्द युनियनवाल्यांनी शोधून काढला असा काही लोकांचा समज आहे. त्यांनी अठराव्या शतकातली कागदपत्रे जरूर पाहावीत. महादजी शिंद्यांनी ही दुखणी ओळखली. त्यांनी द बॉयन या सव्वाय प्रांतातल्या सेनानीला १७८४ च्या सुमारास चाकरीत घेतले, तेव्हा माणशी आठ रुपये महिना असा करार ठरला. द बॉयन शिपायाला त्यातले साडेपाच देई आणि उरलेल्यातून अधिकारी व सरंजाम उभा करी. आजच्या भाषेत ही ठेकेदारीच झाली. परंतु हा ठेकेदार पगार तारखेला देई, आणि तेवढ्यावर त्याची पलटण हिंदुस्थानात नावाजली गेली. शिंद्यांच्या या कवायती फौजेतले अधिकाऱ्यांचे दर नमूद आहेत: कर्नल महिना तीन हजार, लेफ्टनंट कर्नल दोन हजार, मेजर बाराशे, कॅप्टन चारशे, लेफ्टनंट दोनशे आणि सर्वांत धाकटा एन्साइन दीडशे. दक्षिणेत चाकरी असेल तर वर निमपट जादा. जखम झाली तर पंधरा दिवसांपासून तीनचार महिन्यांच्या पगाराएवढी बक्षिसी, बरा होईपर्यंत पगार चालू, आणि कायमचा लुळा झाला तर निम्मे वेतन व जमीन. साडेपाच रुपयांचा शिपाई आणि दीडशे रुपयांचा सर्वांत धाकटा साहेब. ढोबळ मानाने सत्तावीस पटींचे अंतर. हे अंतर ध्यानात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

आता निजामाकडे वळू, कारण आपला मुलूख त्याचा. १७९५ साली खर्ड्यावर मराठ्यांनी निजामाचा पराभव केला तेव्हा त्याच्याजवळ रेमों या फ्रेंच सेनानीची कवायती फौज होती. १७९८ साली इंग्रजांनी तह करून ती फौज मोडायला लावली आणि तिच्या जागी आपली तैनाती फौज बसवली. तिच्या खर्चापोटी निजामाने सालिना २४,१७,१०० रुपये द्यायचे ठरले. १८०० च्या तहाने त्या रकमेऐवजी मुलूखच तोडून घेतला. त्याच तहात एक कलम होते: लढाईच्या वेळी निजामाने सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ मदतीस द्यावे. 'लढाईच्या वेळी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. करारात एक शब्द निसटला की कामगाराचे काय होते ते आम्हाला विचारा. इथे तर शब्द निसटलाही नव्हता, तो पाळला गेला नाही एवढेच.

इथे जरा थांबून कंपनीच्या साहेबाचा पगार कसा बनलेला असे ते सांगितले पाहिजे. मूळ पगार हा त्यातला लहान भाग. खरी मजा भत्त्यांत होती. छावणीत अर्धा भत्ता, मुलूखगिरीवर पूर्ण भत्ता, तंबूचा भत्ता, घोड्याचा भत्ता, बाजाराची देखरेख असेल तर त्याचा वेगळा, आणि शहर पडले तर लुटीतला हुद्द्याप्रमाणे वाटा. या भत्त्यांना हात लागला की काय होई, याचा धडा आपल्या शेजारीच, जालन्यात, गिरवला गेला आहे.

मद्रास फौजेत पलटणीच्या प्रमुखाला तंबू व सामान बाळगण्यासाठी दरमहा ठरीव रक्कम मिळे. लढाई असो वा नसो, रक्कम तीच. म्हणजे शांततेच्या काळात तंबू फाटका ठेवला तरी पैसा खिशात. १८०८ साली मद्रास सरकारने हा तंबूठेका बंद केला. त्याबरोबर साहेब लोक खवळले. १८०९ मध्ये मछलीपट्टण, श्रीरंगपट्टण, हैदराबाद आणि जालना इथल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी सरकारचे हुकूम धुडकावले. जालन्याची फौज तर कर्नल डव्हटनच्या हाताखाली छावणी सोडून निघाली आणि काही मजला जाऊन परतली. श्रीरंगपट्टणजवळ गोळीबार झाला. मेले ते शिपाई. ज्यांना तंबूच्या भत्त्यातला पैसुद्धा मिळत नव्हता असे आपले शिपाई. शेवट काय झाला? गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो जातीने मद्रासेस आला, सुमारे वीस जणांना कारवाईसाठी वेगळे काढले आणि बाकीच्यांना माफी दिली. डव्हटनवर लष्करी न्यायालयात खटला चालला. तो निर्दोष सुटला. काढून टाकलेल्यांपैकीही काही जण पुढे परत नोकरीत घेतले गेले. संपाला इतकी सौम्य शिक्षा आमच्या चाळीसेक वर्षांच्या वाचनात दुसरी आलेली नाही.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. १८२४ साली बंगालमध्ये बराकपूरला ४७ व्या पलटणीला ब्रह्मदेशाच्या लढाईवर निघण्याचा हुकूम झाला. पाठीवरच्या सामानासाठी शिपायाने बैल पदरमोडीने घ्यायचा आणि लढाईमुळे बैलांचे भाव गगनाला भिडलेले. शिपायांनी सांगितले, बैलांची सोय करा, भत्ता द्या, मग निघतो. सेनापतीने तोफा लावल्या आणि पळणाऱ्या शिपायांवर डागल्या. पुष्कळ मेले, उरलेल्यांतल्या पुढाऱ्यांना फाशी झाली. साहेबाने तंबूसाठी हत्यार उचलले तर माफी, शिपायाने बैलासाठी तोंड उघडले तर तोफ. पंधरा वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी एकाच कंपनीच्या दप्तरात आहेत. आम्ही त्यांवर भाष्य करीत नाही.

आता हिंगोली. १८११ साली हेन्री रसेल हैदराबादेस रेसिडेंट म्हणून आला. निजामाच्या लढाईपुरत्या मदतफौजेचे रूपांतर त्याने कायमच्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेत केले. पायदळाच्या पहिल्या पलटणींना 'रसेल ब्रिगेड' असे त्याचेच नाव मिळाले. पाठोपाठ कॅप्टन डेव्हिसच्या हाताखाली घोडदळ उभे राहिले. हीच पुढे 'हैदराबाद कंटिंजंट' झाली. अधिकारी नेमायचे रेसिडेंटने, पगार द्यायचा निजामाने. नेमणारा वेगळा आणि देणारा वेगळा, अशी सोय झाल्यावर काय होणार? जागा वाढत गेल्या, हुद्दे वाढत गेले, भत्ते वाढत गेले. कंपनीच्या पलटणीत जो कॅप्टन म्हणून झिजला असता त्याला इथे मोठा हुद्दा आणि भारी भत्ता. हैदराबादची नेमणूक मिळावी म्हणून वशिले लागत. साहेबांत एक म्हणच रूढ झाली होती की, बिचारा 'निझी' सगळ्यांचे बिल भरतो. निझी म्हणजे निजाम. लाडाचे नाव होते ते!

ही फौज नुसती बसून खात होती असेही नाही. १८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमनने या फौजेनिशी हटकर नाईक नोवसाजी याच्या नोव्हा गढीला वेढा घातला. आतल्या अरबांनी अखेरपर्यंत झुंज दिली आणि बहुतेक सारे मारले गेले. 'नोव्हा' हे नाव पुढे या पलटणींच्या निशाणावर रणसन्मान म्हणून लागले. त्याच सुमारास हिंगोलीची छावणी वसली. आपल्या भागातल्या एका गढीचे नाव इंग्रजी पलटणीच्या निशाणावर जावे आणि ज्याची गढी पडली त्या नाईकाचे नाव आपल्याच मुलांना ठाऊक नसावे, असा हा प्रकार आहे.

पगार मात्र कुठून येत होता? निजामाचा कारभार चंदुलाल पाहत असे. खजिना रिकामा, आणि साहेबांचा पगार तर तारखेला हवा. तेव्हा पामर कंपनी नावाची सावकारी पेढी पुढे आली. विल्यम पामर हा इंग्रज सेनापतीचा हिंदुस्थानी स्त्रीपासून झालेला मुलगा. त्याच्या पेढीने फौजेच्या पगारासाठी निजाम सरकारला कर्ज द्यायचे, शेकडा चोवीस-पंचवीस व्याज लावायचे आणि परतफेडीपोटी मुलखाचा वसूल लिहून घ्यायचा. पेढीच्या भागीदारांत गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या नात्यागोत्यातला सर विल्यम रम्बोल्डही होता. १८२० साली मेटकाफ रेसिडेंट झाला, त्याने हे व्यवहार उघड केले. १८२३ साली पेढीचे देणे भागवण्यासाठी निजामाने उत्तर सरकारच्या पेशकशीवरचा आपला हक्क १,१६,६६,६६६ रुपयांना कायमचा सोडून दिला. इंग्रजांकडून त्याला दरसाल सात लाख मिळत होते, ते बंद झाले. पुढच्याच वर्षी पेढी बुडाली.

साखळी पाहा. साहेबाच्या पगारासाठी कर्ज, कर्जासाठी व्याज, व्याजासाठी वसुलाची मक्तेदारी, आणि मक्तेदाराने वसूल करायचा तो कोणाकडून? ज्वारी-कापूस पिकवणाऱ्या आपल्या पणजोबांच्या पणजोबांकडून. मोंढ्यातल्या त्या हमालाला आम्ही हे उत्तर दिले तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे आपनच."

हिंगोलीच्या छावणीचे जे चित्र वाचायला मिळते ते फिलिप मेडोज टेलर याच्या लिखाणात. हा सोळाएक वर्षांचा पोर १८२४ साली मुंबईस एका व्यापाऱ्याकडे चाकरीला म्हणून आला. तो व्यापारी डबघाईला आलेला, म्हणून त्याने निजामाच्या फौजेत नोकरी धरली. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ साली निघाली आणि इंग्लंडात गाजली. तिच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीची एक हकीकत दिली आहे. हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी छावणीत होता. टेलरचेही त्याच्याशी देणेघेणे होते. त्याने मुंबईहून कापड आणण्याचा परवाना साहेबाकडूनच मिळवला, कापड घेऊन येणाऱ्या खऱ्या व्यापाऱ्याला माणसांसकट वाटेत मारले आणि तो माल त्याच परवान्यावर हिंगोलीत आणून राजरोस विकला. हरिसिंग ठगांचा पुढारी निघाला. आमच्या विषयाशी याचा संबंध एवढाच की, तारखेला पगार होणारी छावणी म्हणजे त्या वैराण मुलखातली रोख पैशाची एकमेव विहीर. तिथे बझाज आले, सावकार आले, आणि ठगही आले. सदर बाजार हे नाव उगीच पडलेले नाही.

टेलरने पामर सावकाराच्याच मुलीशी लग्न केले. त्याची स्वतःची स्थिती मात्र सगळ्या साहेबांसारखी नव्हती. त्याची सनद कंपनीची नव्हे, निजामाची; अशांना 'लोकल' अधिकारी म्हणत. कंपनीचा साहेब हैदराबादेस येऊन जादा भत्ता घेई आणि त्याची कंपनीतली बढती व निवृत्तिवेतन शाबूत राही. लोकल अधिकाऱ्याच्या मागे असा आधार नसे. कायम आणि कंत्राटी यांतला भेद गोऱ्यांनी गोऱ्यांतही पाळला होता, याची नोंद घ्यावी.

त्याच्या खाली आपली माणसे. कंपनीच्या शिपायाचा पगार महिना सात रुपये. जवळजवळ सबंध एकोणिसावे शतक तो सातच राहिला, १८९५ साली नऊ झाला. घोडदळात शिलेदारी होती. घोडा, खोगीर, भाला सगळे स्वाराचे. पगारातच घोड्याचे दाणापाणी. या घोड्याच्या जागेला 'असामी' म्हणत आणि ती विकत घेता येई. ज्याच्या चार असाम्या तो शिलेदार, त्याच्या घोड्यावर बसून लढणारा तो बारगीर. ऑटोरिक्षाचा परवाना एकाचा आणि चालवणारा दुसरा, हे आपण पाहतोच. बारगीर मेला तर त्याच्या घरी काय जाई आणि घोडा मेला तर कोण रडे, याचा विचार ज्याचा त्याने करावा. आणि हा शिपाई किंवा स्वार कितीही चढला तरी सुभेदार, रिसालदार इथे त्याची शिडी संपे. तीस वर्षे चाकरी झालेल्या रिसालदाराने कालच्या गोऱ्या पोराला सलाम करायचा.

चंदुलाल १८४३ साली गेला, पण कर्ज राहिले. निजामाकडून पगार वेळेवर निघेना, तेव्हा इंग्रज आपल्या खजिन्यातून फौजेचा पगार भागवू लागले आणि ते निजामाच्या नावे व्याजासकट मांडू लागले. व्याज शेकडा बारा, पुढे सहा. फौजेचा खर्च सालिना चाळीस लाखांच्या घरात गेला होता. लॉर्ड डलहौसी हा काही निजामाचा कैवारी नव्हे. परंतु त्यानेच लिहून ठेवले आहे की, या फौजेतला वरिष्ठ अधिकाऱ्यांचा ताफा अवाच्या सवा मोठा आहे आणि पगार-भत्ते हवेत त्याहून पुष्कळ अधिक आहेत. इतकेच नव्हे, १८०० च्या तहाप्रमाणे शांततेच्या काळात अशी फौज कायम पोसण्याचे बंधन निजामावर नाही, हेही त्याने मान्य केले. मग त्याने काय केले? ताफा कमी करून कर्ज माफ केले काय? छे. त्याने वऱ्हाड मागितले.

२१ मे १८५३ रोजी कर्नल लो या रेसिडेंटने नासिरुद्दौल्याकडून तह करून घेतला. सुमारे पन्नास लाखांचे कर्ज आणि कंटिंजंटचा पुढचा पगार यांसाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. बदल्यात कमीत कमी पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने एवढी फौज इंग्रजांनी ठेवायची. तह झाला आणि आठवड्याच्या आत दिवाण सिराजुल्मुल्क वारला. त्याच्या जागी पुतण्या सालारजंग आला आणि हयातभर वऱ्हाड परत मागत राहिला. १८५७-५८ साली याच कंटिंजंटने इंग्रजांसाठी माळव्यात व झाशीकडे लढाया मारल्या. त्याच्या बक्षिसादाखल १८६० साली कर्ज सोडले, रायचूर आणि धाराशिव परत दिले. वऱ्हाड ठेवून घेतले. वर अशी अट घातली की, वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने मागायचा नाही. हिशेब मागू नका म्हणणारा मालक आम्ही बराच पाहिला आहे. त्याच्या वहीत काय असते तेही आम्हाला ठाऊक आहे.

१९०२ च्या नोव्हेंबरात कर्झनने वऱ्हाड सालिना पंचवीस लाखांच्या कायम पट्ट्याने घेतले आणि १९०३ साली कंटिंजंट हिंदुस्थानच्या फौजेत मिसळली. हिंगोलीची छावणी उठली. घोडदळाच्या वारशातून 'डेक्कन हॉर्स' उरले. पायदळाची १९२२ साली १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ साली तिचेच नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगामला पडलेले आणि पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले मेजर सोमनाथ शर्मा याच कुमाऊँचे. रसेलच्या भाडोत्री फौजेतून स्वतंत्र भारताची ही पलटण निघाली, हेही सांगितलेच पाहिजे. नाहीतर आम्ही फक्त दोष काढतो असा आमच्यावर आरोप होईल.

आपल्या माणसाला साहेब होण्याची वाट उघडली ती पहिल्या महायुद्धात. १९१७ साली नऊ हिंदी अधिकाऱ्यांना राजाची सनद मिळाली. पाठोपाठ काही निवडक मुले सँडहर्स्टला जाऊ लागली; आपले जनरल थोरात १९२६ साली तिथूनच अधिकारी होऊन निघाले. १ ऑक्टोबर १९३२ रोजी देहरादूनची अकादमी सुरू झाली. परंतु तिथून निघालेल्या हिंदी अधिकाऱ्याचा पगार त्याच हुद्द्याच्या गोऱ्यापेक्षा कमी ठेवला. कारण काय, तर गोरा घरापासून दूर चाकरी करतो आणि हिंदी माणूस आपल्याच देशात. एकाच खंदकात दोन पगारपत्रके. दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची टंचाई पडली तेव्हा हे अंतर मिटले. मागणी रास्त होती म्हणून नव्हे, माणसे हवी होती म्हणून.

आता आजच्या पगारपत्रकावर येऊ. लेफ्टनंट ५६,१०० आणि शिपाई २१,७००. म्हणजे अडीच पटींहून थोडे अधिक. शिंद्यांच्या फौजेतल्या सत्तावीस पटींवरून आपण इथवर आलो. ही लहान गोष्ट नव्हे; स्वराज्यात जे थोडे बरे घडले त्यात आम्ही ती धरतो. मात्र लष्करी सेवा वेतन घ्या. फौजेतल्या जिवाच्या जोखमीसाठी आणि कष्टासाठी म्हणून ते द्यायचे असते. अधिकाऱ्याला १५,५०० आणि शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत सर्वांना ५,२००. सियाचेनचा वारा हुद्दा विचारून अंगाला लागत नाही. सुभेदारांच्या वर्गाला तरी ते वाढवून द्यावे ही मागणी २०१८ साली अर्थखात्याने फेटाळली.

अधिकारीही रस्त्यावर आले, याचे आम्हाला विशेष वाटले. 'एक हुद्दा, एक पेन्शन' या मागणीसाठी १५ जून २०१५ पासून दिल्लीत जंतरमंतरवर निवृत्त जनरल आणि निवृत्त शिपाई एका सतरंजीवर धरणे धरून बसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आदेश निघाला, १ जुलै २०१४ पासून लागू. जालन्याच्या साहेबांनी १८०९ साली फक्त आपला तंबू मागितला होता. या साहेबांनी शिपायाचीही पेन्शन मागितली, म्हणून त्यांचे धरणे आम्ही आपले मानतो.

त्या मुलाला आम्ही दोन वाटा सांगितल्या. पहिली: औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, इथे १९७७ साली राज्य सरकारने काढलेली सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. दहावीच्या वर्षी परीक्षा देऊन तिथे जाता येते आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीची तयारी होते. त्याची ती संधी हुकली होती, कारण दहावीला असताना त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते. तरी बारावीवर खडकवासल्याची परीक्षा थेट देता येते. तो बसणार आहे. दुसरी वाट २०२२ पासूनची: अग्निवीर. चार वर्षे, पहिल्या वर्षी दरमहा ३० हजार, त्यातले तीस टक्के सेवानिधीला कापून; शेवटी सरकारच्या वाट्यासह सुमारे ११ लाख ७१ हजार हातात. चौघांतला फार तर एक जण पुढे कायम होतो. उरलेल्या तिघांना पेन्शन नाही. अधिकाऱ्यांच्या अटींना या योजनेने हात लावलेला नाही.

बाप ऐकत होता. त्याचा आजा हिंगोलीकडचा. त्याने विचारले, "मंग पेन्शनपुऱ्यात ऱ्हायला कोन येनार?" तोवर ट्रक लागला होता. मुकादमाने हाक दिली आणि तो गोणी उचलायला गेला.